मेशुगाचा ‘इम्युटेबल’: सम कुठे आहे आणि ती हातात कशी धरायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेशुगा या मेटल बँडचा ‘इम्युटेबल’ हा अल्बम कितीही वेळा ऐकला तरी पाय ठेका धरत नाही. रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, एकट्याने वाजवला तर जमतो, पण ड्रमरबरोबर बसले की दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत घसरतो. आठ तारांची गिटार घेतली तरी आवाज गढूळ येतो. आणि तबल्याच्या सुरुवातीच्या परीक्षा दिलेल्या आहेत, त्या शिक्षणाचा इथे काही उपयोग आहे का?

उपयोग आहे, आणि मोठा आहे. सम (पहिली मात्रा), मात्रा (ठोका), आवर्तन (तालाची एक पूर्ण फेरी) या कल्पना ज्याच्या अंगात आहेत त्याला मेशुगा इतरांपेक्षा लवकर उलगडतो. फक्त एका जागी तबल्याची सवय उलटी पडते, ती जागा पुढे सांगतो. आधी मुख्य गोष्ट: या संगीतात मोजायच्या त्या सरळ चार मात्रा. रिफ मोजायला गेलात की हरवलात.

अल्बमबद्दल आवश्यक तेवढे सांगतो. मेशुगा हा स्वीडनमधल्या उमेओ शहरातला बँड, स्थापना १९८७ ची. ‘इम्युटेबल’ हा त्यांचा नववा स्टुडिओ अल्बम १ एप्रिल २०२२ ला आला. ध्वनिमुद्रण हाल्मस्टाडच्या स्वीटस्पॉट स्टुडिओत झाले. १३ गाणी, एकूण लांबी ६६ मिनिटांहून जास्त. ड्रम्सवर टोमास हाके, रिदम गिटारवर मोर्टेन हागस्ट्रॉम, बासवर डिक लोव्हग्रेन, गायक येन्स किडमन. लीड गिटारवादक फ्रेड्रिक थोर्डेन्डाल २०१७ पासून काही वर्षे बँडबरोबर मंचावर नव्हता, पण या अल्बमवरची सोलो त्याने वाजवली. बहुतेक शब्द हाकेचे असतात. ड्रमर शब्द लिहितो म्हणून की काय, किडमनचा आवाजही जवळजवळ एकाच पट्टीत, तालवाद्यासारखा वापरलेला असतो. त्यामुळे चाल शोधायला गेलेला कान इथे रिकाम्या हाताने परततो. शोधायची ती लय.

आता हिशेब. एका मात्रेत चार अक्षरे धरा, तबल्यातली चौगुन. चार मात्रांचा एक बार म्हणजे १६ अक्षरे. आठ बार म्हणजे १२८ अक्षरे किंवा ३२ मात्रा, याला आपण एक आवर्तन म्हणू. हाकेचा उजवा हात झांजेवर सरळ मात्रा देत राहतो, आणि स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) बहुतेक वेळा प्रत्येक बारच्या तिसऱ्या मात्रेवर पडतो. हा हात ठाय लयीत, अगदी साधा असतो. बेस ड्रमवरचे पाय, गिटार आणि बास मात्र वेगळ्याच लांबीचा तुकडा एकत्र वाजवत असतात. गुंतागुंत म्हणून जी ऐकू येते ती सगळी या दोन थरांच्या घसरणीतून येते. दोन्ही थर वेगवेगळे ऐकले तर सोपे आहेत.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण १९९८ च्या ‘केऑस्फिअर’ अल्बममधले ‘न्यू मिलेनियम सायनाइड क्राइस्ट’. त्यातला मुख्य रिफ २३ अक्षरांचा आहे. तो पाच वेळा येतो, म्हणजे ११५ अक्षरे. आवर्तन पूर्ण व्हायला १३ उरतात, म्हणून सहाव्या वेळी रिफ १३ अक्षरांवर तोडला जातो आणि नव्या आवर्तनाच्या समेवर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. ११५ अधिक १३ बरोबर १२८. हा एक हिशेब समजला की बँडच्या पुढच्या बऱ्याच संगीताचा सांगाडा समजतो, ‘इम्युटेबल’चासुद्धा.

आणि तबल्याची सवय उलटी पडते ती याच ठिकाणी. तिहाईत आपण आधी गणित करतो आणि तीन सारखे तुकडे असे बसवतो की शेवटचा ठोका आपोआप समेवर यावा. तीनतालात पाच मात्रांचा तुकडा, मध्ये एकेक मात्रेचा दम (विराम), असे तीनदा घेतले की १७ मात्रा होतात आणि शेवटचा ‘धा’ पुढच्या समेवर पडतो. वाक्य पूर्ण होते तेव्हाच सम येते. मेशुगाच्या रिफमध्ये वाक्य पूर्ण होत नाही. सम आली म्हणून वाक्य मध्येच कापले जाते. तबला शिकलेला माणूस शेवटच्या तुकड्यात समेकडे ‘उतरायला’ लागतो, जोर वाढवतो, किंचित घाईही करतो. इथे शेवटच्या १३ अक्षरांना पहिल्या १३ अक्षरांइतकाच जोर द्यायचा. कापणी आहे हे हाताने आधी जाहीर करायचे नाही. बरेचसे बँड हे रिफ वाजवतात तेव्हा सगळे स्वर बरोबर असूनही ते मेशुगासारखे वाटत नाहीत, त्याचे कारण बहुतेकदा हेच असते.

सराव २३ पासून सुरू करू नका. आधी ७ घ्या. बोल म्हणा: तकिट तकधिमि, तीन अधिक चार. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने टिकटिक करणारे यंत्र) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० मात्रा, पायाने मात्रा, तोंडाने हे बोल, एका मात्रेत चार अक्षरे. गिटार अजून हातात नाही. पहिला ‘त’ पहिल्या मात्रेच्या पहिल्या अक्षरावर येईल. दुसऱ्या फेरीचा ‘त’ दुसऱ्या मात्रेच्या चौथ्या अक्षरावर, तिसऱ्या फेरीचा चौथ्या मात्रेच्या तिसऱ्या अक्षरावर, चौथ्या फेरीचा पुढच्या बारमधल्या दुसऱ्या मात्रेच्या दुसऱ्या अक्षरावर, आणि पाचव्या फेरीचा त्याच बारच्या चौथ्या मात्रेच्या पहिल्या अक्षरावर. पहिले, चौथे, तिसरे, दुसरे, पुन्हा पहिले. सात म्हणजे आठाला एक कमी, म्हणून प्रत्येक फेरी मात्रेच्या हिशेबाने एक अक्षर अलीकडे सरकते. दोन बारच्या ३२ अक्षरांत चार फेऱ्या, म्हणजे २८, आणि उरलेल्या चारवर कापणी: तकिट त, आणि लगेच सम. हे दोन बार न थांबता पाच मिनिटे म्हणता आले की पहिला टप्पा झाला.

मग २३. त्याचीही जात तीच आहे, कारण २३ म्हणजे २४ ला एक कमी. फेऱ्यांच्या सुरुवाती अशा येतात: पहिली समेवर, दुसरी दुसऱ्या बारच्या दुसऱ्या मात्रेच्या चौथ्या अक्षरावर, तिसरी तिसऱ्या बारच्या चौथ्या मात्रेच्या तिसऱ्यावर, चौथी पाचव्या बारच्या दुसऱ्या मात्रेच्या दुसऱ्यावर, पाचवी सहाव्या बारच्या चौथ्या मात्रेच्या पहिल्या अक्षरावर, म्हणजे बरोबर मात्रेवर, आणि शेवटची कापलेली फेरी आठव्या बारच्या पहिल्या मात्रेच्या चौथ्या अक्षरावर. हे कागदावर १२८ चौकोन आखून त्यात भरा. प्रत्येक चौथा चौकोन जाड करा आणि फेऱ्यांच्या सुरुवातीला खूण करा. एकदा हाताने भरलेला तक्ता छापील टॅबपेक्षा (कोणती तार कुठे दाबायची ते दाखवणाऱ्या लिपीपेक्षा) जास्त काम करतो, कारण टॅबमध्ये बहुधा फक्त रिफ दिसतो, मात्रेशी त्याचे नाते दिसत नाही. तुकडा २५ अक्षरांचा असेल तर घसरण उलट दिशेने होते, प्रत्येक फेरी एक अक्षर पुढे. १७ आणि २१ तशाच पुढे सरकतात, १५ आणि १९ मागे. पाया हाच ठेवून कोणताही नवा रिफ तपासता येतो: त्याची लांबी मोजा, चाराने भागा, बाकी बघा.

पाचवी फेरी नेमकी मात्रेवर सुरू होते, आणि घसरण्याची सगळ्यात मोठी जागा तीच आहे. इतका वेळ रिफ मात्रेच्या मध्ये-मध्ये सुरू होत असतो. इथे तो अचानक मात्रेवर येतो आणि शरीराला वाटते, ही सम. प्रत्यक्षात ती सहाव्या बारची चौथी मात्रा असते. इथून पुढे वादक चुकीच्या समेपासून मोजायला लागतो, आणि खरी सम आली की ड्रमर चुकला असे त्याला वाटते. उपाय एकच: आठ बारची मोजणी तोंडाने चालू ठेवा, ‘एक दोन तीन चार, दोन दोन तीन चार, तीन दोन तीन चार’, म्हणजे प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर बारचा क्रमांक म्हटला जाईल. हात रिफ वाजवताना तोंडाने हे म्हणता येत नसेल तर रिफ अजून पाठ झालेला नाही, वेग वाढवू नका.

कसोटी अशी. मेट्रोनोमचा आवाज आधी प्रत्येक मात्रेवर, मग फक्त पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, मग बारमध्ये एकदा, शेवटी दोन बारमध्ये एकदा. प्रत्येक पायरीवर मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐका. वाजवताना बरोबर वाटलेली कापणी मुद्रणात हमखास लवकर आलेली असते. वेग ६० वरून पाच-पाचने वाढवा, आणि सलग तीन आवर्तने स्वच्छ गेल्याशिवाय पुढची पायरी नाही. ६० वर एक आवर्तन ३२ सेकंदांचे असते, तेव्हा ही कसोटी दीड मिनिटाचीच आहे.

संगणकावर बसवत असाल तर एक चूक जवळपास सगळे करतात: रिफ २३ अक्षरांचा आहे म्हणून प्रकल्पाचे मीटरच (एका बारची लांबी) २३/१६ करून टाकतात. मग क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) रिफच्या मागे धावते, प्रत्येक फेरीची सुरुवात सम होते आणि घसरण नावाची गोष्टच उरत नाही. मीटर ४/४ ठेवा, आठ बारचे लूप करा, झांज आणि स्नेअर आधी भरा. रिफची क्लिप २३ अक्षरांची करून ती सहा वेळा शेजारी-शेजारी चिकटवा आणि शेवटची आठव्या बारच्या शेवटी कापा. बेस ड्रम गिटारच्या प्रत्येक दाबलेल्या ठोक्यावर ठेवा. हे प्रोग्रॅम करणे म्हणजे फसवेगिरी नव्हे. ‘कॅच थर्टीथ्री’ या त्यांच्या २००५ च्या अल्बमवरचे ड्रम्स प्रोग्रॅम केलेलेच आहेत. उलट २०१६ चा ‘द व्हायोलंट स्लीप ऑफ रीझन’ त्यांनी स्टुडिओत एकत्र वाजवून मुद्रित केला. दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐकले तर यंत्राची आणि माणसांची कापणी किती वेगळी वाटते ते कळते.

ड्रमरसाठी वेगळे सांगायला हवे. पाय शिकण्याआधी हात पक्के करा: झांज आणि स्नेअर, दुसरे काही नाही. मग फक्त पाय आणि तोंडाने मात्रा. मग दोन्ही. जोडताना उजवा हात पायांच्या ठोक्याकडे ओढला जातो, झांज नकळत रिफवर पडायला लागते. तसे झाले की लगेच थांबा, कारण ती चूक दहा मिनिटांत सवय होते. गिटारवादकाने सरावात ड्रमरच्या पायांकडे बघू नये, झांजेवरच्या हाताकडे बघावे. पाय तुमच्याबरोबरच आहेत, ते चुकले तर तुम्हीही त्यांच्याबरोबर चुकाल. हात मात्र खरे सांगतो.

ऐकण्याचा क्रम. ‘ब्रोकन कॉग’ने ‘इम्युटेबल’ सुरू होतो, आवाज कुजबुजीतून येतो, आणि दाटी कमी असल्यामुळे झांज वेगळी काढणे सोपे जाते. पहिल्यांदा फक्त झांज ऐका, पाय तिच्यावर ठेवा, गिटार येऊ-जाऊ द्या. दुसऱ्यांदा स्नेअर. तिसऱ्यांदा पाय न थांबवता गिटार. हा क्रम उलटा केला तर पाय गिटारला चिकटतो आणि सुटत नाही. ‘द ॲबिस्मल आय’ हे आधी प्रसिद्ध झालेले गाणे असल्यामुळे बहुतेक लोक तिथून सुरुवात करतात. ते फार दाट आहे, चौथ्या-पाचव्या दिवसासाठी ठेवा. ‘दे मूव्ह बिलो’ हा साडेनऊ मिनिटांचा वाद्यांचा तुकडा माझ्या मते अल्बमचे हृदय आहे. त्यात स्वच्छ गिटारने सुरुवात होते आणि जडपणा खूप उशिरा येतो. लय किती सावकाश जड होऊ शकते हे तिथे ऐकायला मिळते. ‘ब्लॅक कॅथेड्रल’ दोन मिनिटांचे, ड्रम्सशिवाय, नुसत्या गिटारींचे. ते गाळू नका, कारण त्यानंतर ‘आय ॲम दॅट थर्स्ट’चे ड्रम्स येतात तेव्हा मात्रा परत मिळाल्याचे जे वाटते ते त्याशिवाय मिळत नाही. शेवटचे ‘पास्ट टेन्स’ पुन्हा वाद्यांचेच. ६६ मिनिटे एका बैठकीत ऐकायची सक्ती नाही. हा अल्बम लांब आहे आणि मधल्या भागात कान थकतो. दोन बैठका करा, ‘दे मूव्ह बिलो’नंतर थांबा. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत असाल तर सगळेच निष्फळ आहे. तो खालचे सूर देतच नाही, त्यामुळे बेस ड्रम आणि बास गेले की दोनपैकी एक थरच नाहीसा होतो. साधे पण बंद कप असलेले हेडफोन पुरतात.

आता गिटार आणि तो गढूळ आवाज. मेशुगाचे नेहमीचे ट्यूनिंग आठ तारांच्या प्रमाण ट्यूनिंगपेक्षा अर्धा स्वर खाली आहे. जाड तारेकडून बारीककडे: एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट, जी फ्लॅट, बी फ्लॅट, ई फ्लॅट. सगळ्यात खालचा एफ ४३.६५ हर्ट्झचा. साध्या बास गिटारची खालची ई तार ४१.२ हर्ट्झची असते, म्हणजे तुमची गिटार बासच्या घरात राहायला गेली आहे. बहुतेक अडचणी इथून येतात.

पहिली अडचण तारेच्या ताणाची. एकाच जाडीची तार एकाच सुराला लावली तर ताण तारेच्या लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. साडेपंचवीस इंचांऐवजी २९.४ इंच लांबी घेतली तर ताण सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो, २७ इंचांच्या तुलनेत सुमारे १९ टक्क्यांनी. बँडसाठी इबानेझने केलेल्या एम८एम गिटारची लांबी २९.४ इंच आहे ती उगाच नाही. बँडलाही हे सहज मिळालेले नाही. २००२ चा ‘नथिंग’ त्यांनी सात तारांच्या गिटारी खाली उतरवून मुद्रित केला होता, कारण आठ तारांच्या गिटारी तेव्हा नीट चालत नव्हत्या. पुढे २००६ मध्ये आठ तारांवर गिटारी पुन्हा वाजवून तो परत काढला. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून ऐका, ताणातला फरक कानाला कळतो. तुमची गिटार २७ इंची असेल तर खालची तार ०.०७४ ते ०.०८० इंच जाडीची लावा. त्याहून बारीक तार जोरात छेडली की सुरुवातीला सूर चढतो आणि मग खाली येतो, रिफ बेसूर वाटतो. ट्यून करताना तार जितक्या जोराने वाजवणार तितक्याच जोराने छेडा आणि ट्यूनरचा काटा सुरुवातीच्या क्षणी बघा, थांबल्यावर नाही.

जाड तार नटच्या (गिटारच्या मानेच्या टोकावरच्या पट्टीच्या) खाचेत पूर्ण बसते का तपासा. अडकत असेल तर ट्यूनिंग पेग फिरवताना ‘टिक्’ असा आवाज येतो आणि सूर उडी मारतो. खाच तारेपेक्षा किंचित रुंद घासून घ्यावी लागते. बाराव्या पडद्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसते टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे सरकवा. खालच्या तारेला सॅडल मागे जाता जाता स्प्रिंग आड येते, तेव्हा ती काढून टाकावी. बाराव्या पडद्यावर खालच्या तारेची उंची साधारण २.२ ते २.५ मिलिमीटर ठेवा. डावा हात हलका हवा, पडद्यावर जास्त दाबले तरी सूर चढतो.

गढूळपणाचे मुख्य कारण मात्र गेन, म्हणजे ॲम्पमध्ये आवाज किती फाडायचा ते ठरवणारे बटण. ध्वनिमुद्रण ऐकून वाटते त्यापेक्षा खूप कमी गेन हवा. नेहमीच्या अर्ध्यावर आणा. ॲम्पच्या आधी एक ओव्हरड्राइव्ह पेडल, त्याचा ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल जवळजवळ पूर्ण. हे पेडल खालचे सूर ॲम्पमध्ये फाटण्याआधीच कमी करते, म्हणून ठोका घट्ट येतो. नंतर मिक्समध्ये गिटारचा ७० ते ९० हर्ट्झखालचा भाग कापून टाका. ४३ हर्ट्झ बासला द्या. कानाला गिटारचा एफ ऐकू येतो तो मुख्यतः ८७ आणि १३१ हर्ट्झच्या उपसुरांवरून, त्यामुळे कापल्याने सूर हरवत नाही. एकट्याने वाजवताना हा आवाज बारीक वाटेल. बास बरोबर आला की भरतो. घरी एकट्याने ‘छान’ लावलेला आवाज बँडमध्ये हमखास बुडतो.

मग गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा (थ्रेशोल्ड) आवाज बंद करणारे यंत्र. या संगीतात शांतता हा ठोक्याइतकाच रिफचा भाग आहे. १२० च्या वेगाला एक अक्षर १२५ मिलिसेकंदांचे असते. गेटचा रिलीज (बंद व्हायला लागणारा वेळ) त्याच्या जवळ गेला की मधली जागा भरून जाते आणि रिफ सपाट होतो. ३० ते ६० मिलिसेकंदांत ठेवा. फार कमी केला तर लांब सूर मध्येच तुटतात, तेव्हा थ्रेशोल्ड खाली आणा, रिलीज वाढवू नका. गेटवर सगळे सोडूनही चालत नाही. उजव्या तळव्याची कड ब्रिजवर टेकलेली हवी आणि न वाजणाऱ्या तारा डाव्या हाताच्या बोटांनी झाकलेल्या हव्यात. तळवा एक सेंटिमीटर पुढे सरकला की सूर मरतो आणि नुसता ठप्प आवाज राहतो.

मुद्रण करत असाल तर रिदम दोनदा वाजवून डावी-उजवीकडे ठेवा, पण एकच टेक (एकदा वाजवून केलेले मुद्रण) कॉपी करून नव्हे. दोन टेकमध्ये ठोका २० मिलिसेकंदांनी मागेपुढे झाला तरी तो फाटलेला ऐकू येतो. चार बार स्वच्छ येईपर्यंत पुन्हा वाजवा. संपादन करून जुळवलेले टेक कापणीच्या जागी उघडे पडतात, कारण तिथे सुराची शेपूट अर्धवट तुटते.

बँडबरोबर पहिल्या बैठकीत पूर्ण गाणे घेऊ नका. एकच रिफ, आठ बार, गिटार क्लीनवर (न फाडलेल्या आवाजात) आणि आवाज बोलता येईल इतका कमी. ड्रमरने झांज आणि स्नेअर एवढेच द्यावे, बासवादकाने बारचे क्रमांक मोठ्याने म्हणावेत. चार आवर्तने न घसरता गेली की पाय आणि बास आत घ्या, आणि डिस्टॉर्शन सगळ्यात शेवटी चालू करा.